दहापर्यंत मोजणारी दाई

(माहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य: ओसरी. आईच्या मांडीवर झोपलेलं बाळ, अंगडं वर सरकवलेलं. पोट वर-खाली होतंय. कॅमेरा हलत नाही.]

बाळाच्या पोटाकडे बघा. वर गेलं, खाली आलं. हा एक श्वास.

असे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे आहेत. मध्येच बाळ रडलं तर मोजणी बाद. ते निवांत होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 भरले, त्याहून मोठ्या तान्ह्याचे 50 भरले, तर न्यूमोनिया धरून चालायचं आणि औषध सुरू करायचं. एक्स-रे लागत नाही, रक्त तपासावं लागत नाही. घड्याळ लागतं आणि साठपर्यंत मोजता यावं लागतं.

गडचिरोलीच्या खेड्यांत गाडी नेमकी इथेच अडली. बाळंतपण करण्यात इथल्या दायांचा हात कोणी धरला नसता. पण बहुतेकींना अक्षरओळख नव्हती आणि आकडे दहा-बारापर्यंत येऊन थांबत. म्हणून एक छोटं साधन तयार झालं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून मोजायचं. प्रत्येक ओळीत शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर बाळ आजारी.

एवढंच. या साधनाचं मला फार अप्रूप वाटतं. 'या बायांना मोजता येत नाही, त्यांच्याकडून हे व्हायचं नाही' असं म्हणून विषय मिटवणं किती सोपं होतं! इथे उलट बाईला जेवढं येतं, तेवढ्यात बसेल असं विज्ञान शोधलं गेलं.

[दृश्य: गडचिरोलीचा रस्ता. दोन्ही बाजूंना जंगल, मध्ये धानाची खाचरं.]

गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला 1982 साली. चारच वर्षांनी, 1986 मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग इथे कामाला लागले. दोघंही नागपूरला शिकलेले, दोघांनीही पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेलं. त्यांनी काढलेल्या संस्थेचं नाव 'सर्च'.

पहिला मोठा अभ्यास राणीताईंचा. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी झाली. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. पण आधी कधी तपासणी झालेल्या बाया शंभरात जेमतेम आठ. अंगावर पांढरं जाणं, कंबर धरणं, पाळीची दुखणी, हे सगळं बाईच्या जातीला असायचंच म्हणून सोसलेलं. 1989 साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब मांडला जात होता.

पुढच्या वर्षी न्यूमोनियाचा अभ्यास आला. गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर तोंडाने घ्यायचं औषध द्यायला शिकवलं होतं. त्या गावांत न्यूमोनियाने दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या निम्म्याहूनही खाली होतं.

तरी बाळं जातच होती. आता जाणारी बहुतेक बाळं महिन्याच्या आतली होती.

[दृश्य: बाळंतिणीची खोली. अंधार. दाराच्या फटीतून येणारी उजेडाची एक रेघ.]

ही खोली फार कमी बाहेरच्यांनी पाहिली असेल. सोयर असतं, विटाळ असतो, नजर लागायची भीती असते. इथे जन्मलेलं आणि चौथ्या दिवशी गेलेलं बाळ कुठल्याच वहीत येत नसे. त्याचं बारसंही झालेलं नसे.

म्हणून आधी मोजदाद नीट बसवावी लागली. गावातला कार्यकर्ता जन्म आणि मृत्यू नोंदवत असे, शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघरी वेगळी पाहणी होत असे. एका वहीतून निसटलेलं बाळ दुसरीत सापडावं, म्हणून. संशोधनाचं हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण पुढचं सगळं त्याच्याच जिवावर उभं राहिलं.

1995-96 या एका वर्षात 39 गावांत 763 नवजात बाळांवर महिनाभर लक्ष ठेवलं गेलं. शंभरातली 95 घरीच जन्मलेली. निम्म्याहून जास्त बाळांना कधी ना कधी वैद्यकीय उपचारांची गरज पडली. उपचार मिळाले ते शंभरात तिघांनाही नाही.

दवाखाना लांब होता, पावसाळ्यात वाट बंद, ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढायचं नाही. मग उपचारच त्या खोलीत न्यायचे ठरले. आणि तिथे शिरकाव असणारी माणसं दोनच, दाई आणि गावातली शेजारीण.

[दृश्य: हातांचा क्लोज-अप. साबण, पाणी, बोटांच्या बेचक्या चोळणं.]

पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच बाया निवडल्या गेल्या. त्यांचं नाव 'आरोग्यदूत'. जन्मताच न रडलेल्या बाळाला मास्क आणि पिशवीने श्वास द्यायला त्या शिकल्या. कमी वजनाच्या बाळाला ऊबदार पिशवीत ठेवायला, आईचं दूध काढून चमच्याने पाजायला शिकल्या.

अशीच एक भेट आपण पाहतोय. सासू दारातच सांगते, "दूधच पिऊन नाही राह्यला जी बाई, कालपासून." आरोग्यदूत पिशवी खाली ठेवते. आधी हात धुते. मग काखेत थर्मामीटर. झोळीत घालून काट्याला वजन. पुन्हा नजर पोटावर, श्वास मोजायला. नाळ पिकली आहे का? रडणं क्षीण झालं आहे का? हातपाय ढिले पडले आहेत का? एकेक चिन्ह कागदावर उतरतं. ठरलेली चिन्हं एकत्र दिसली तर तो जंतुसंसर्ग. घरच्यांना आधी दवाखान्यात न्यायला सांगायचं. ते तयार नसतील तर त्यांची लेखी संमती घेऊन तिथेच जेंटामायसिन या जंतुनाशक औषधाचं इंजेक्शन द्यायचं आणि तोंडाने घ्यायचं औषध सुरू करायचं.

सातवी शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची? या गोष्टीवर पुष्कळ वाद झाला. धोका होताच, म्हणून प्रत्येक सुईची नोंद होती आणि वर डॉक्टरांची देखरेख होती. पण सुई न देण्याचा धोका केवढा होता, हे त्या वह्यांत लिहिलेलं होतं.

1993 ते 1995 या काळात या 39 गावांत दर हजार जन्मांमागे 62 नवजात दगावत होते. 1997-98 मध्ये हा आकडा 25.5 वर आला. तुलनेच्या 47 गावांत तो साठच्या आसपासच राहिला. दर बाळामागे खर्च आला सुमारे पाच डॉलर. 'लॅन्सेट'ने हे डिसेंबर 1999 मध्ये छापलं.

तुलनेच्या गावांपाशी मी नेहमी अडखळतो. तिथे सरकारी सेवा चालू होत्या, पण हे जास्तीचं काही नव्हतं. त्या गावांतल्या बाळांच्या नोंदी नसत्या, तर इकडची वाचली ती कशामुळे, हे कोणालाच पटवता आलं नसतं. त्यांचंही देणं आपल्यावर आहे.

[दृश्य: शोधग्राम. झाडीत विखुरलेल्या दवाखान्याच्या खोल्या.]

हा 'सर्च'चा दवाखाना. तो बांधण्याआधी गोंड आदिवासींना विचारलं होतं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीत वाट चुकते, म्हणाले. नातेवाइकांना राहू देत नाहीत. आणि तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत. पांढरं तर आम्ही मेलेल्यावर घालतो. मग दवाखाना झाला झोपड्यांच्या वस्तीसारखा. त्याला नावही मिळालं त्यांच्या देवीचं, दंतेश्वरी मातेचं.

[दृश्य: आजचं एक गाव. आशाताई सायकलवरून उतरतात.]

2011 मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आता ते काम आशाताईंकडे आहे. बाळ दवाखान्यात जन्मलं तर सहा भेटी, घरी जन्मलं तर सात. शेवटची 42 व्या दिवशी.

इंजेक्शन मात्र त्या कार्यक्रमात आशांच्या हाती दिलं नाही. 2014 मध्ये ते देण्याची मुभा एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातल्या सरकारी नर्सताईंना मिळाली. गडचिरोलीच्या प्रयोगातला एवढा मोठा भाग गाळायला नको होता, असं मला वाटतं. आणि या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर एका बाळामागे आशाताईंच्या हाती पडतात अडीचशे रुपये. चिखलातून सहा-सहा वेळा जायचं, तेही बाळ नेमकं केव्हा आजारी पडेल ते ठाऊक नसताना. त्यांच्या कामाची किंमत इतकी कमी धरायला नको होती.

[दृश्य: तीच ओसरी. बाळाच्या पोटावर नजर लावलेल्या आशाताई. आवाज फक्त त्यांचा, हळू.]

"अठ्ठेचाळीस… एकोणपन्नास…"

आई श्वास रोखून बघतेय. हे बाळ महिन्याच्या आतलं आहे, म्हणजे हद्द साठची.

"…बावन्न. झालं मिनिट."

त्या कागदावर 52 लिहितात, बाळाचं अंगडं खाली ओढतात आणि आईला सांगतात, "चांगलं आहे. आता पाज त्याला. मी बसते इथंच."