डेट्रॉइट : फोटोच्या कडेला

हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असणार. अठरा मजल्यांची इमारत आणि खिडक्यांची नुसती भोकं. अमेरिकेतल्या मोटारींच्या शहराचं, डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन. इथून शेवटची गाडी १९८८ साली सुटली. मग बातमी दिवाळखोरीची असो, खुनाची असो की मोटार कंपन्यांची, फोटो ठरलेला. अशा फोटोंना पुढे ‘रुइन पॉर्न’, म्हणजे पडझड चवीने बघणं, हे नाव पडलं. जरा झोंबणारं आहे, पण चपखल.

फोटो खोटा नव्हता. १९५० साली इथे साडेअठरा लाख माणसं राहत होती, २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार उरली. कारखाने उपनगरांत गेले, गोरी कुटुंबं त्यांच्यामागे गेली. ब्लॅक बॉटम नावाची कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती पाडून तिच्यावरून महामार्ग नेला. महामार्गाच्या फोटोत ती वस्ती कशी दिसणार?

शिवाय गेलेल्यांचा हिशेब सगळ्यांनी मांडला, राहिलेल्यांचा कुणी विचारला नाही. ‘ओस पडलेलं शहर’ म्हणताना सहा लाखांवर माणसं जमेस धरायची राहून गेली. त्यांतली तीन चतुर्थांशांहून जास्त कृष्णवर्णीय. हा योगायोग असेलही. मला तसं वाटत नाही.

स्टेशनाला लागूनच कॉर्कटाउन आहे. आयरिश लोकांनी वसवलेली जुनी वस्ती, लाकडी घरं. स्टेशन बंद होतं त्या सगळ्या वर्षांत इथे माणसं राहत होती, कामावर जात होती. फोटो त्यांच्या अलीकडेच संपायचा.

आता हा रस्त्यावरचा दिवा बघा. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा असे जवळपास ४० टक्के दिवे बंद होते. अंधाराच्या बातम्या जगभर गेल्या. २०१६ संपता संपता ६५ हजार नवे एलईडी दिवे लागले. पेटलेल्या दिव्याला पहिलं पान कोण देणार?

२०१८ मध्ये फोर्डने स्टेशन विकत घेतलं, जून २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि मथळे एका रात्रीत फिरले : ‘डेट्रॉइट परतलं!’ म्हणजे पुन्हा तीच एक इमारत. २०१४ मध्ये थकबाकीपायी हजारो घरांचं पाणी तोडलं होतं. ती घरं या नव्या फोटोतही नाहीत.

या स्टेशनातून एक घड्याळ चोरीला गेलं होतं. फोर्डने स्टेशन घेतल्यावर काही दिवसांतच एका संग्रहालयाला निनावी फोन आला : घड्याळ वीस वर्षांहून जास्त काळ माझ्याकडे आहे, ते घरी पोचवायचंय. सांगितलेल्या ठिकाणी माणसं गेली. एका जळक्या इमारतीच्या भिंतीला टेकवून कुणीतरी ते ठेवून गेलं होतं.