‘हाय नून’: नकारांवर उभा राहिलेला वेस्टर्नपट

दिग्दर्शक फ्रेड झिनेमान यांचा ‘हाय नून’ हा वेस्टर्नपट, म्हणजे जुन्या काळच्या पश्चिम अमेरिकेतल्या बंदूकधाऱ्यांचा चित्रपट, १९५२ साली प्रदर्शित झाला. अवघ्या ८५ मिनिटांच्या या चित्रपटात खरा गोळीबार सुरू होतो तो अगदी शेवटी. त्याआधीचा जवळजवळ सगळा वेळ नायक दारोदार फिरून मदत मागत असतो आणि प्रत्येक दारी त्याला नकार मिळत असतो. या चित्रपटाची सारी ताकद त्या नकारांमध्ये आहे, हेच मला आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

कथानक थोडक्यात सांगतो. हॅडलीव्हिल या छोट्या गावाचा मार्शल (कायदा राखणारा अधिकारी) विल केन, म्हणजे गॅरी कूपर, रविवारी सकाळी लग्न करून पदाचा बिल्ला नुकताच उतरवतो, तोच बातमी येते की पाच वर्षांपूर्वी त्याने तुरुंगात धाडलेला खुनी फ्रँक मिलर सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने गावात येत आहे. मिलरचे तीन साथीदार स्टेशनवर वाट पाहत बसले आहेत. नवा मार्शल दुसऱ्या दिवशी येणार आहे. केन पत्नीसह गाव सोडतो, पण वाटेतूनच परत फिरतो.

आता नकार पाहा. मिलरला शिक्षा ठोठावणारा न्यायाधीश भिंतीवरचा झेंडा आणि टेबलावरचा न्यायाचा तराजू गुंडाळून घोड्यावर बसतो आणि निघून जातो. ज्याला केन गुरुस्थानी मानतो त्या म्हाताऱ्या माजी मार्शलचे हात सांधेदुखीने कामातून गेले आहेत. माझी काळजी करता करता तूच मरशील, असे तो सांगतो आणि ते खरेही आहे. केनचा मित्र सॅम फुलर तर घरातच लपून बसतो आणि बायकोला दारात पाठवतो. ते चर्चला गेलेत, असे ती सांगते. ‘तुम्हाला न घेता?’ एवढेच केन विचारतो. तो गेल्यावर सॅम बायकोवरच उखडतो की तुला विधवा व्हायचे आहे का! शेजारधर्म आणि जिवाची भीती यांतली ओढाताण इतक्या थोडक्यात दाखवणारे दृश्य मला दुसऱ्या कोणत्याही वेस्टर्नपटात आढळलेले नाही.

परंतु या नकारांचा कळस आहे तो चर्चमधल्या प्रसंगात. केन भर प्रार्थनेत शिरतो, चारदोन माणसे लगेच उठतातही, आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणते की आधी जरा विचार करू या. मुलांना बाहेर पाठवले जाते आणि सभा सुरू होते. कोणी म्हणतो, आम्ही कर भरतो तो याच कामासाठी. कोणी म्हणतो, हे केन आणि मिलर यांचे आपसातले भांडण आहे. कोणी मिलरला सोडणाऱ्या राजकारण्यांना दोष देतो. एक बाई कळवळून आठवण करून देते की याच माणसामुळे आपल्याला दिवसाढवळ्या रस्त्यावरून निर्भयपणे चालता येऊ लागले. शेवटी केनचा जुना स्नेही असलेला महापौर उठतो, त्याची तोंडभरून स्तुती करतो, आणि आपल्याला वाटते की आता हा गावाला उभे करणार. पण तो हळूहळू वळण घेत गावात येऊ घातलेल्या गुंतवणुकीवर येतो, रस्त्यावर रक्त सांडले तर ती येणार नाही असे सांगतो आणि केनलाच निघून जायला सुचवतो. केन फक्त आभार मानून बाहेर पडतो. या सभेत खलनायक एकही नाही. तिथला प्रत्येक युक्तिवाद आपण आपल्या सोसायटीच्या बैठकीत ऐकलेला असतो, किंबहुना स्वतःही केलेला असतो.

पटकथाकार कार्ल फोरमन यांना हे सारे बाहेरून सुचलेले नव्हते. १९५१ साली, या चित्रपटाचे काम चालू असतानाच, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदीय समितीने त्यांना पाचारण केले. इतरांची नावे सांगायला त्यांनी नकार दिला, हॉलिवुडमध्ये काम न देण्याच्या काळ्या यादीत गेले आणि इंग्लंडला निघून गेले. त्या दिवसांत परिचितांनी फिरवलेली तोंडे त्यांनी पटकथेत उतरवली. तरीही हा चित्रपट त्या काळापुरता राहिला नाही. जून १९८९च्या निवडणुकीसाठी पोलंडमधील ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीने जे भित्तिपत्रक काढले, त्यावर चालत येणारा गॅरी कूपरच होता; फक्त हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका होती.

छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बी यांनी आकाश मुद्दाम फिकट, जवळजवळ पांढरे ठेवले, त्यामुळे ऊन अंगावर आल्यासारखे वाटते. जागोजागी घड्याळे दिसतात आणि पडद्यावरचा काळ आपल्या काळाशी जवळपास जुळवून चालतो. बाराच्या ठोक्याआधी दिमित्री तिओमकिन यांच्या संगीताच्या तालावर एकेक चेहरा येत जातो आणि नकार देणारे सगळे पुन्हा दिसतात. पन्नाशीतला कूपर तेव्हा आजारी होता, आणि चेहऱ्यावरचा तो शीण त्याने लपवलेला नाही.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना हा चित्रपट मुळीच रुचला नाही. खरा मार्शल असा मदतीसाठी वणवण करत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी १९५९मध्ये जॉन वेनला घेऊन ‘रिओ ब्राव्हो’ काढला. तोही उत्तम चित्रपट आहे. परंतु आक्षेप मला पटत नाही. केनला भीती वाटते, ती आपल्याला दिसते, आणि म्हणूनच त्याचे थांबणे मोलाचे ठरते.

अखेर मदत येते ती एमीकडून, म्हणजे ग्रेस केलीने साकारलेल्या त्याच्या नववधूकडून. वडील आणि भाऊ गोळीला बळी पडल्यावर ती क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथात गेली होती, शस्त्र न धरणे हा तिचा धर्म होता. नकार देण्याचे सर्वांत सच्चे कारण तिच्याकडे होते, आणि केनला सोडून जायला गाडीत बसलेली तीच उतरून परत येते व एका गुंडाला पाठीमागून गोळी घालते. पटकथेने जोरकस संवाद केटी हुरादोने साकारलेल्या हेलन रामिरेझला, म्हणजे केनच्या पूर्वीच्या प्रेयसीला, दिले आणि एमीला फारसे बोलू दिले नाही, ही मला या चित्रपटातील खरी उणीव वाटते. कारण बिल्ला धुळीत फेकून देणाऱ्या केनपेक्षा अधिक काही जर त्या दिवशी कोणी गमावले असेल, तर ते एमीने.