पाकिटावर ॲनालॉग, काट्यावर पनीर

नमस्कार मंडळी! आज पनीरबद्दल बोलूया, रेसिपी नाही हां, धाडींबद्दल. मार्च 2025 मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते नकली पनीर घेऊन थेट विधानसभेत गेले होते, आठवतंय ना? आता गंमत बघा, ज्याला आपण नकली म्हणतो ते ॲनालॉग पनीर, म्हणजे पामतेल, दूध पावडर, स्टार्च असलं काय काय घालून केलेलं, त्याच्या पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलं असेल तर ते विकणं हा काही गुन्हा नाही, गुन्हा कुठं होतो तर पाकीट फोडून तोच माल पनीर म्हणून काट्यावर चढतो तिथं. पनीर म्हणायचं तर पाणी 60 टक्क्यांच्या वर नको आणि कोरड्या भागात दुधाचं फॅट निदान 50 टक्के हवं, असा नियम आहे. पण सुट्ट्या पनीरला लेबलच नसतं हो, मग खोटं लेबल पकडणार कुठून?

चीजचंही तेच. 2023 मध्ये एफडीएनं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं, नगरच्या एका नावाजलेल्या बर्गरच्या दुकानाचं लायसन सस्पेंड केलं, मेन्यूत चीज लिहून आत ॲनालॉग घालताय असा ठपका ठेवून. कंपनी म्हणाली आम्ही खरंच चीज वापरतो. पण पदार्थांची नावं मात्र बदलली त्यांनी!

बरं, इन्स्पेक्टर आला आणि झालं असं नसतं. सॅम्पलचे चार भाग करायचे, सील करायचे, एक ॲनालिस्टकडे जातो, रिपोर्टला 14 दिवसांची मुदत, आणि तोवर उरलेला माल लोकांच्या पोटात गेलेलाही असतो. चुकीच्या लेबलला दंड 3 लाखांपर्यंत, कमी दर्जाला 5 लाखांपर्यंत. माणूस दगावला तर मात्र किमान 7 वर्षं जेल.

घरी आयोडीनचा थेंब टाकून बघा म्हणतात, निळं झालं की स्टार्च, ते बरोबर आहे, पण पामतेल त्यात कळत नाही, त्याला लॅबच लागते. माझं विचाराल तर मी आधी भाव बघते. किलोभर पनीरला म्हशीचं साधारण 5 लिटर दूध जातं, लिटरला 60 रुपये धरले तरी 300 तिथंच झाले, मग 200 रुपये किलोनं देणारा काय दानधर्म करतोय का?

आणि हो, आपल्यालाही सॅम्पल तपासून घेता येतं. अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 40, फी आपण भरायची, माल खराब निघाला तर परत मिळते. फक्त एक अट आहे, घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की दादा, मी हे तपासायला देणार आहे. आता एवढं सांगितल्यावर तो आतल्या फ्रीजमधलं कुठलं पनीर काढून देईल ते तुम्हीच बघा. एफडीएचा टोल फ्री नंबर लिहून घ्या, 1800 222 365.