भंडारदऱ्याचा पहिला मुक्काम

(दृश्य: घोटीहून शेंडीकडे जाणारा रस्ता, सकाळ)

घोटीला मुंबई–नाशिक महामार्ग सुटतो. पुढे बारी गावापाशी कळसूबाई अगदी शेजारी येऊन उभी राहते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिला वळसा घालून रस्ता शेंडीला पोचतो आणि भंडारदऱ्याचं पाणी दिसायला लागतं.

अंथरूण, शिधा, पाणी गाडीत घालून निघायचं, डोंगरात रात्र काढायची, सकाळी पुढच्या गावाला लागायचं. याला हल्ली ओव्हरलँडिंग म्हणतात. नाव घेतलं की लडाख-स्पिती डोळ्यांपुढे येतं, टपावर तंबू बांधलेल्या दणकट गाड्या येतात. पहिल्यांदाच निघणार असाल, तर ते चित्र बाजूला ठेवा. जलाशयाभोवतीचा हा फेरा तुमच्यासाठी आहे. शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि पुन्हा शेंडी. एका दिवसात गाडीनं आरामात पुरा होतो. इथे दोन रात्री द्या.

आणि आखणी मुक्कामापासून सुरू करा. रात्री कोणाच्या जागेत झोपायचं हे एकदा पक्कं झालं, की किती वाजता निघायचं, किती पाणी भरायचं, कुठे थांबायचं, सगळं त्यावरून ठरत जातं.

(दृश्य: वन विभागाचा नाका, पावती)

हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा मुलूख आहे. १९८६ साली तो अभयारण्य म्हणून घोषित झाला. इथे शेकरू आहे, बिबट्या आहे. नाक्यावर शुल्क भरा, पावती जपून ठेवा आणि मुक्काम कुठे करता येईल हे तिथेच विचारून घ्या. झाडी दिसली, गाडी वळवली आणि तंबू ठोकला, असं अभयारण्यात चालत नाही. पण गावं आहेत, गावकऱ्यांची शेतं आहेत. महादेव कोळी समाजाची ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्या इथे भात, नाचणी, वरई पिकवते. कापणी झाली की भाताची खाचरं मोकळी होतात, आणि डोंगरात सपाट जागा म्हणाल तर खाचरासारखी दुसरी नाही. मालकाला भेटा. "दादा, आज रात्री इथे राहू का?" एवढं विचारायला संकोच नको. जागेचे पैसे आधी ठरवा, जेवणही त्यांच्याच घरी सांगा. भाकरी, पिठलं, ठेचा, भात. शिध्याचं निम्मं ओझं तिथेच कमी होतं, आणि अडचण आली तर हाकेच्या अंतरावर माणूस असतो. नवख्या माणसाला यापेक्षा मोठी सोय कुठलीच नाही.

खाचराची एक खोड मात्र आहे. कापलेल्या भाताची धसकटं टोकदार असतात, तंबूच्या तळाला भोकं पाडतात. खाली जाड ताडपत्री लागतेच. ऑक्टोबरात माती अजून ओली असते, चाक रुततं. डिसेंबर-जानेवारीत जमीन कोरडी, आकाश स्वच्छ. तोच काळ निवडा.

तेव्हा थंडी असणार. अंगावर दोन रजया घेतल्या तरी माणूस रात्रभर कुडकुडतो, कारण खालची जमीन अंगातली ऊब ओढून घेत राहते. पैसे खर्च करायचे तर आधी चांगल्या मॅटवर करा. थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत पाण्याकाठी साचते. म्हणून जलाशयाच्या अगदी कडेला न राहता थोडं वर राहिलं, तर रात्र सुसह्य जाते. घाटघरला कोकणकड्याच्या तोंडाशी तंबू लावू नका. खालून येणारा वारा तिथे तंबू टिकू देत नाही.

(दृश्य: जलाशयाचा उघडा पडलेला काठ, गाळ, भेगा)

हा काठ नीट बघा. पाणी ओसरलं की गाळाचं मैदान उघडं पडतं. वरून वाळलेलं, भेगाळलेलं, आत लोण्यासारखं मऊ. फोटोसाठी गाडी इथे उतरवायचा मोह होतो. उतरवू नका. चारही चाकांना ताकद देणारी गाडीसुद्धा या गाळात बसते, आणि मग गावातला ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

या पाण्याबद्दल आणखी एक. प्रवरा उगम पावते रतनगडाच्या कुशीत. तिच्यावरचं हे धरण १९१० साली बांधायला घेतलं, १९२६ साली पुरं झालं. इथून खाली संगमनेर, श्रीरामपूरपर्यंतची शेती आणि माणसं या पाण्यावर जगतात. भांडी, साबण, आंघोळ काठावर नको. शौचाला पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, वीतभर खड्डा खणून, वर माती लोटून. प्लॅस्टिक, डायपर, सॅनिटरी पॅड पिशवीत बांधून घरी परत. याबाबतीत मला कुठलीही सवलत मान्य नाही.

प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरा. चौघांना दोन दिवसांचं पाणी म्हणजे बत्तीस किलो. ते टपावर नको, मागच्या सीटला टेकवून, खाली आणि घट्ट बांधून. टपावर वजन चढलं की गाडी वळणावर झुकते.

शेकोटी पेटवायची तर मालकानं दाखवलेल्या जागीच, तीही गवतापासून लांब. नोव्हेंबरनंतर डोंगर वाळतो, एका ठिणगीनं वणवा लागतो. रात्री निखारे पाण्यानं विझवा, हात लावून खात्री करा. आणि पेटलेली शेगडी ऊब म्हणून तंबूत घेऊ नका, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

अंधारात फुरसं, मण्यार पायाखाली येऊ शकतात. तंबूची चेन कायम बंद, बाहेर पाय टाकताना टॉर्च, सकाळी बूट झटकून. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळतं, हे निघण्याआधी फोन करून विचारा. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. काही भागांत रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि परतीची वेळ घरच्यांना सांगून ठेवा.

(दृश्य: काजव्यांनी उजळलेलं झाड)

मे अखेर ते जून मध्य, याच गावांमधली झाडं काजव्यांनी लखलखतात. पहिल्या मुक्कामाला हे दिवस घेऊ नका. अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि नवखा चालक हेडलाइट बंद करायला बिचकतो. काजव्यांचं लुकलुकणं हे नर-मादीचं बोलणं असतं, आपल्या दिव्यांनी ते तुटतं. अंधारात वावरायची सवय झाल्यावर या.

परतताना घाटात ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबून धरला तर तापतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. स्टेपनीत हवा आहे का, जॅक चालतो का, हे घरूनच बघून या. आणि एखादं चाक घराच्या दारातच एकदा स्वतः बदलून बघा.