गाडीखाली हात घालण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरला की घरोघरी गाड्यांची कामं निघतात. कुठे चाकातून करकर आवाज येतो, कुठे बॅटरी बसलेली असते. हल्ली बरेच तरुण मोबाइलवर बघून ही कामं अंगणातच करतात. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. ज्यानं एकदा आपल्या गाडीचं चाक स्वतः काढून आतला ब्रेक बघितला, तो पुढे गाडी वेगळ्याच जाणिवेनं चालवतो. पण चाक काढायचं म्हणजे आधी गाडी उचलायची, आणि आज मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी आमच्या दारात गाडीचं पुढचं डावं चाक काढत होतो. खाली पेव्हर ब्लॉक, त्यांवर ओल. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये. शेजारचा शाळकरी मुलगा मदतीला होता. गाडी जॅकवर चढवली, चाक सुटं केलं आणि बाजूला ठेवलं. तो मुलगा आत हात घालून ब्रेकचा पाइप बघत होता. टॉर्च घ्यायला तो मागे वळला आणि त्याच क्षणी गाडी वीतभर पुढे सरकली, जॅक कलंडला. ब्रेकची डिस्क खालच्या पेव्हरवर आदळली आणि पेव्हरचे दोन तुकडे झाले. मुलाचा हात क्षणापूर्वी तिथेच होता.

गिअरमध्ये असलेली गाडी सरकली कशी? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. पुढचं एक चाक उचललं, की डिफरन्शिअलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या मधल्या गिअरच्या जोडणीमुळे, ते हवेत मोकळं फिरू शकतं, आणि ते फिरलं की जमिनीवरचं दुसरं चाकही फिरू शकतं. म्हणजे गिअरचा आधार गेलाच. राहिला हँडब्रेक. माझी केबल ढिली पडली होती.

म्हणून उटी हवी. ट्रकवाले घाटात चाकामागे दगडाची उटी लावतात ना, तीच. पुढचं चाक काढायचं असेल तर मागच्या दोन्ही चाकांना, मागचं काढायचं असेल तर पुढच्या दोन्ही चाकांना, आणि पुढून-मागून दोन्हीकडून. गाडी सपाट, टणक जागी हवी. जागा ओली किंवा मातीची असेल तर जॅकखाली जाड फळी घ्या.

जॅक लावायची जागा ठरलेली असते. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, चाकाजवळ, दोन खाचा असतात. त्यांच्या मधे जॅकचं डोकं बसवायचं. अंधारात हात फिरवला तरी त्या बोटांना लागतात. प्लॅस्टिकच्या पट्टीवर जॅक लावला तर पट्टी फुटते आणि जॅक घसरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. हायड्रॉलिक जॅकचं सील झिजलं की तो न सांगता हळूहळू खाली बसतो, आणि कात्रीसारखा उघडणारा जॅक बाजूच्या धक्क्याला टिकत नाही. गाडीखाली डोकं किंवा खांदा जाणार असेल तर लोखंडी स्टँडची जोडी घ्यायलाच हवी. त्यावर किती टन पेलतो ते कोरलेलं असतं. विटा नकोत, सिमेंटचे पोकळ ब्लॉक नकोत, कोकणातला चिरा तर नकोच. भार एका कोपऱ्यावर आला की हे सगळं एकदम फुटतं. स्टँडवर गाडी बसली की आत शिरण्याआधी तिला बाजूनं हातानं चांगली हलवून बघा. काढलेलं चाक आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवून ठेवा. काहीही झालं तरी तेवढी जागा मोकळी राहते.

नट आधी ढिले करायचे, चाक जमिनीवर असताना, अर्धा फेरा. हवेतल्या चाकावर पाना ओढला की तुमचा सगळा जोर जॅकला हलवतो. घट्ट करताना समोरासमोरचे नट आळीपाळीनं, आधी हातानं, मग पान्यानं, आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर. पान्यावर उभं राहून नाचू नका. छोट्या गाडीच्या नटाला साधारण १०० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पाव मीटरच्या पान्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला तर १७० च्या वर जोर जातो. आटे जातात किंवा बोल्ट ताणला जातो, आणि पुढे रस्त्यात पंक्चर झालं की नट सुटत नाही. पन्नासेक किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा तपासा.

बॅटरीबद्दल थोडं. काढताना आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह तार. लावताना ती शेवटी. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह जागेवर असताना लाल बाजूचा पाना पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन निघत असतो. हातातली अंगठी, कडं आधी काढून ठेवा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं निघते. मग कोरडं करून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा.

शटर बंद करून इंजिन चालू ठेवू नका, थंडीत तर अजिबात नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपल्यासारखा पडतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि पेट्रोलची लाइन, एअरबॅग ही कामं घरी करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. काढलेलं जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. गटारात ओतलेलं ऑइल ओढ्यात जातं आणि तिथून कुणाच्या तरी विहिरीत.

तो शेजारचा मुलगा आता स्वतःची गाडी चालवतो. मागच्या आठवड्यात त्याची स्टेपनी काढून बघितली, तर हवा दहाच्या खाली. तुमचीही आज संध्याकाळी बघून ठेवा.

नमस्कार.