बर्लिनचं किचनर कसं झालं

मंडळी, कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातलं किचनर आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे ते तिकडे शिकायला गेलेल्या भाच्या-पुतण्यांमुळे. या गावाला नाव मिळालं ते आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्याच लॉर्ड किचनर यांचं. 1902 ते 1909 हिंदुस्थानचे सरसेनापती. त्यांच्याशी बिनसलं म्हणून 1905 मध्ये कर्झनने राजीनामा दिला. या गृहस्थांचा त्या गावाशी सुतराम संबंध नव्हता. मग नाव का पडलं? माझं म्हणणं असं, की या गावात भावनेचे झेंडे पुष्कळ फडकले, पण निकाल दर वेळी हिशेबाच्या वहीने लावला.

आता जमिनीचंच बघा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात हौदेनोशौनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या संघातले बरेचसे लोक इंग्रजांच्या बाजूने लढले आणि आपला मुलूख गमावून बसले. त्याची भरपाई म्हणून 1784 मध्ये त्यांना ग्रँड नदीच्या दोन्ही काठांची सहा-सहा मैलांची पट्टी मिळाली. पुढे तिचे तुकडे विकले गेले. त्यातला एक रिचर्ड बीझली नावाच्या व्यापाऱ्याकडे आला आणि 1800 पासून पेनसिल्व्हेनियातले मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे जर्मनभाषक शेतकरी त्याच्याकडून जमिनी घेऊ लागले. पैसे मोजले, झाडं तोडली, घरं उभी केली; मग कळलं की जमीन गहाण पडलेली आहे! आपल्याकडे सातबारा न बघता प्लॉट घेणाऱ्याची होते, तीच गत. कोर्टकचेरी न करता त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या भाऊबंदांना साकडं घातलं. तिथे पैसा उभा राहिला आणि 1805 मध्ये 60,000 एकर जमीन एकगठ्ठा विकत घेण्यात आली. हौदेनोशौनींच्या हाती मात्र आज त्या मूळ पट्ट्याचा पाच टक्क्यांच्या आसपासच भाग उरला आहे.

1833 मध्ये वस्तीचं नाव बर्लिन पडलं. 1856 मध्ये रेल्वे आली. मग चामडं, बटणं, फर्निचर, रबरी बूट असे कारखाने वाढत गेले. 1912 मध्ये बर्लिन शहर झालं, आणि दोनच वर्षांत महायुद्ध पेटलं. व्हिक्टोरिया पार्कमधला जर्मन सम्राट कैसर पहिल्या विल्हेल्मचा अर्धपुतळा कोणीतरी तळ्यात फेकून दिला. 1916 मध्ये तिथल्याच पलटणीच्या सैनिकांनी जर्मन लोकांचा कॉन्कॉर्डिया क्लब फोडला, एका जर्मन पाद्र्याला घरातून ओढून रस्त्यावर मारहाण केली. नाव बदला म्हणणाऱ्यांत कारखानदार आणि व्यापारी पुढे होते. देशभक्ती होतीच, पण ‘मेड इन बर्लिन’ छापलेला माल घेणार कोण, ही धास्तीही होती.

मे 1916 मध्ये मतदान झालं. बदलाच्या बाजूने 1,569, विरुद्ध 1,488. अवघ्या 81 मतांचा फरक. मग नवं नाव निवडायचं होतं. जून महिन्यातच लॉर्ड किचनर यांचं जहाज बुडून ते मरण पावले होते, म्हणून त्यांचंही नाव यादीत आलं. त्याला 346 मतं पडली, यादीतल्या ‘ब्रॉक’ या दुसऱ्या नावाला 335. एवढ्या मोठ्या गावातून हजार माणसंसुद्धा मत द्यायला फिरकली नाहीत. मला तो रुसवा वाटतो. ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणत गाव घरी बसलं, आणि 1 सप्टेंबर 1916 पासून बर्लिनचं किचनर झालं.

गंमत पुढेच आहे. दुसरं महायुद्धही होऊन गेलं आणि 1969 पासून त्याच गावात ऑक्टोबरफेस्ट हा जर्मन पद्धतीचा बिअरचा उत्सव सुरू झाला. ज्या जर्मनपणाची लाज वाटत होती, तोच आता पर्यटक खेचू लागला.

कारखाने एकेक करून बंद पडले. काउफमनच्या बुटांच्या कारखान्यात आता फ्लॅट आहेत. लँगच्या चामड्याच्या कारखान्यात संगणक कंपन्या आल्या, काही वर्षं गूगलही तिथेच होतं. 2021 च्या जनगणनेत वस्ती अडीच लाखांच्या वर गेली. 2023 मध्ये इथल्या कोनेस्टोगा कॉलेजच्या नावावर तीस हजारांहून अधिक विद्यार्थी-परवाने मंजूर झाले, त्यांत आपली मुलं ढिगाने. गावाने त्यांना खोल्या कुठे द्यायच्या, याचा विचार मात्र फीनंतर. 2024 मध्ये केंद्र सरकारने परवान्यांवर मर्यादा घातली, प्रवेश घटले आणि कॉलेजात नोकरकपात सुरू झाली.