ते परत का गेले?

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी आपल्या मराठी शाळेत उद्योजक शंतनुराव किर्लोस्करांचा धडा चालला होता. ते इथेच बॉस्टनजवळ, चार्ल्स नदीकाठच्या एमआयटीत शिकले आणि 1926 मध्ये इंजिनिअर होऊन किर्लोस्करवाडीला गेले, एवढं सांगून होतं न होतं तोच एका आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, "शिकले इथे, मग परत का गेले?" मागे बसलेले आईबाप हसले. मला हसू आलं नाही.

वाडीला त्यांची वाट बघत होती ओतशाळा, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतायची जागा. वडील लक्ष्मणरावांनी बेळगाव सोडून 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर लोखंडी नांगरांचा कारखाना मांडला होता. कुसळं आणि निवडुंग, दुसरं काही नाही. लाकडी नांगर जमीन नुसती ओरखडतो. लोखंडी नांगराचा पंखा माती उलटी पालटतो, हरळीची मुळं वर काढतो. पण लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकरी म्हणत. शिवाय बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा फाळ कडक असावा तर दगडावर तुटतो, मऊ ठेवावा तर काळ्या रानात झिजतो. म्हणून फाळ सुटा हवा: झिजला की काढायचा, नवा बसवायचा.

हे बघत वाढलेला मुलगा एमआयटीतून कशासाठी परतला असेल?

पुढे 1946 मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांची कंपनी उभी राहिली. विहिरीवर मोट जाऊन इंजिन आणि त्यावर चालणारा पंप आला. इंजिन सुरू कसं करायचं, हे इथल्या कितीतरी जणांच्या हाताला अजून आठवत असेल. डिझेलच्या नळीतली हवा काढायची, डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे आतला दाब सोडणारा खटका उचलायचा, हँडल जोरात फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा. इंजिन धडधडतंय आणि पाणी येत नाही, तर बहुधा फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे नळीच्या तळाच्या झडपेत खडा अडकलेला. नळीतलं पाणी खाली उतरतं, पंप कोरडा फिरतो, ग्लँडची, म्हणजे दांड्याभोवतीची गळती थांबवणारी दोरी जळते. पंपात शेणकाला ओतून वेळ मारून नेता येते, पण खरा उपाय एकच, विहिरीत उतरून खडा काढायचा. आणि पंप पाण्यापासून वीस-बावीस फुटांच्या आतच बसवायचा. त्याहून खोलचं पाणी तो नीट ओढत नाही. म्हणून तर विहिरीच्या पोटात कट्टा असायचा.

1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत वाडीचा कारखाना पेटला. तो पुन्हा उभा केला. त्यावर मी आणखी काही बोलत नाही, इथल्या काही घरांना ते दिवस माहीत आहेत.

मंडळी, राग मानू नका. गणपतीला आपण मुलांच्या पदव्या आणि पगार माइकवरून सांगतो. त्या मुलांपैकी किती जणांनी एखादी वस्तू उघडून आतला वॉशर बघितलाय? बिघडलं की फेकायचं, नवं मागवायचं, हे आपणच शिकवलं. कोणाच्या तळघरात जुना पंप पडला असेल तर पुढच्या रविवारी घेऊन या. वर्गात खोलून बघू.

शंतनुराव का गेले, हे त्या मुलीला तो पंप दाखवून सांगता येईल. मग कधीतरी घरी जेवताना ती आईबाबांना विचारील, तुम्ही का नाही गेलात? त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.